शोल्चिकबाईंचा तक्ता

कोळसा कंपनीचा मोजणीदार म्हणून
मी शोल्चिकबाईंच्या दारात उभा राहिलो
तेव्हा त्यांनी ओळख दाखवली नाही.
वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं.
"पाय पुसून ये," म्हणाल्या, सोर्बीमध्ये.
म्हणजे ओळखलं.

खाण आता चर्चमागच्या शेतापर्यंत आली आहे.
लुसाटियात रात्री झोपताना
तिचा आवाज उशीत येतो, जात्यासारखा.
फक्त हे दळण सरत नाही.
गावाला कागदावर अजून एक हिवाळा आहे.

मला लिहून न्यायचं होतं:
भिंती किती, कौलं कसली, विहीर, फळझाडं.
विजेरी घेऊन तळघरात उतरलो
तर सफरचंदांच्या खाली तो पसरलेला,
आमचा तक्ता!
कापडावर डकवलेला, दोघांनी धरावा एवढा.
टोळ्या, गुलाम, सरंजामदार, गिरण्यांची धुराडी
आणि या सगळ्यांतून
तिरका वर चढलेला लाल बाण.
टोकाशी पिवळसर उजेड. तिथे चित्र नव्हतं.

सोळा वर्षांचा मी
त्या बाणावरून छडी फिरवायचो.
बाई सांगायच्या, इतिहासाला नियम असतात,
पाण्याला असतात तसे.
"पण पाणी वर चढत नाही, बाई,"
मागच्या बाकावरून हान्द्री बोलला एकदा.
बाईंनी त्याला बाहेर काढलं नाही.
फळा पुसत राहिल्या,
आधीच पुसलेला.

मग भिंत पडली, ती आमच्यापासून लांब,
पण धूळ इथवर आली.
शाळेत नवे साहेब आले, प्रश्नावली घेऊन.
सतरा प्रश्न होते.
बाईंची नोकरी अकराव्यावर गेली.
पेपरात कुणी लिहिलं, इतिहास संपला.
बाई काकड्या खुडायला गेल्या, तासावर.
इतिहास संपला होता,
काकड्या बऱ्याच उरल्या होत्या.

"उलटा कर तो," वरून आवाज आला.

सफरचंदं टोपलीत भरली. एक नासलेलं,
त्याचा तपकिरी डाग थेट गिरण्यांवर.
तक्ता उलटा केला
आणि पाठीवर पेन्सिलीची मुंगीएवढी अक्षरं.
घर नंबर एक: मेर्तिन, विणकर, दोन्ही डोळे अधू.
घर नंबर चार: मोलकरीण होती, ड्रेस्डेनला गेली,
परत आली ती मूल घेऊन, नाव विचारू नये.
घर नंबर सात: युद्धाहून आला, बोलला नाही, मधमाश्या पाळल्या.
घर नंबर नऊ: सत्तेचाळीसचा हिवाळा, बियाण्याचे बटाटे खाल्ले.
गायींचीसुद्धा नावं.

बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या,
गुडघे धरून.
"हे बटाटे कुठल्या टप्प्यात घालू, सांग."
मी काय सांगणार?
"बाण बरोबर होता," त्या म्हणाल्या,
"आपण तो भिंतीवर टांगला, तिथे चुकलं."
जरा वेळाने स्वतःच मान हलवली.
"नाही. बाणही चुकलाच होता.
पण गिरण्यांबद्दल त्यात खोटं काही नव्हतं.
माझी आई होती तिथे. कापूस खोकायची."

मी झाडं मोजली. पाच.
एक पोखरलेलं, तेही चांगलं म्हणून लिहिलं,
भरपाई थोडी वाढते.
बाईंनी ते पाहिलं.
काही बोलल्या नाहीत.

निघताना म्हणाल्या,
"घर नंबर तेरा कोरं आहे. तुमचं.
तुझ्या आजीच्या गायीचं नाव काय?"

छडी हातात आहे आणि उत्तर येत नाही,
तसा उभा राहिलो.

गाडीत बसून आईला फोन लावला.
ती आता शहरात राहते, चौथ्या मजल्यावर.
बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू आला.
"लिस्का," म्हणाली. "कपाळावर पांढरं होतं."
मग म्हणाली,
"पण हे विचारतंय कोण?
कंपनी?"